ओवी, दळण आणि आमची गिरणी

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९६१ साली गावात पिठाची गिरणी घातली. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं गाव. वीज यायला अजून अवकाश होता, म्हणून डिझेलचं इंजीन आणलं. धुराच्या नळकांड्यावर अण्णांनी एक डबा उपडा अडकवून ठेवला होता. धुराच्या प्रत्येक फटकाऱ्याला तो वाजायचा आणि ते पुक्-पुक् नदीपलीकडच्या वस्त्यांपर्यंत ऐकू जायचं. आवाज आला की बायका डोक्यावर पाट्या घेऊन निघायच्या. जाहिरातीवर दुसरा खर्च नव्हता.

पुढे मी पुण्यात शाळेत मराठी शिकवू लागले, तेव्हा मला समजलं की अण्णांच्या हातून सांस्कृतिक अपराध घडला आहे. लोकसाहित्यावर कुठेही व्याख्यान असो, वक्ता एका वाक्यावर यायचाच: गिरणी आली आणि ओवी गेली. मग सभागृहभर हळहळ. त्या हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात पायलीभर बाजरी दळली असेल, हा प्रश्न मी मनातच ठेवायची. आमच्या घरात जातंही होतं आणि गिरणीही, आणि दोन्ही ऐकत मी वाढले. म्हणून ओवीचा इतिहास मला दळणाच्या बाजूने सांगावासा वाटतो. ती गळ्यातून निघत असली तरी तिला जोर लागायचा तो दंडांचा.

आधी एक साधी गोष्ट. दळण रोज का करावं लागे? बाजरीचं पीठ चार दिवस राहिलं की कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडा चिरतात. म्हणून कणगीत, पेवात साठवायचं ते धान्य. पीठ रोजचं रोज. दिवसभर रानात काम, संध्याकाळी चूल, तेव्हा दळणाला उरायची ती पहाट. कोंबडा आरवायच्या आधी घरातल्या दोन बायका उठायच्या आणि मोठ्या घराचं दळण आटपेपर्यंत तांबडं फुटायचं. आजारपण, पाळी, बाळंतपणाचे दिवस सोडले तर या नेमाला सुट्टी नव्हती. आणि एकीला सुट्टी मिळाली की तिच्या वाटचं दुसरीवर पडायचं.

माणदेशापासून खानदेशापर्यंत हेच चालत आलेलं होतं आणि ते किती जुनं, याचा पुरावा आमच्याच तालुक्यात आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी राहत होते. त्यांच्याकडे फिरणारं जातं नव्हतं. मधे खोलगट झालेल्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे रगडून ते धान्य भरडत. गोल फिरणारं जातं आपल्याकडे नंतर आलं, सातवाहनांच्या काळाच्या आसपास. नेवाशाला प्रवरेकाठी ह. धी. सांकलियांनी पन्नासच्या दशकात खणलं, तेव्हा त्या काळाच्या थरांत असे दगड मिळाले. याच नेवाशात पुढे, शके १२१२ मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली आणि ती सांगायला छंद निवडला तो ओवीचा. पंडितांची भाषा बाजूला ठेवणाऱ्या माणसाने बायकांच्या तोंडचा छंद उचलला, यात मला नवल वाटत नाही. लोकांच्या कानात आधीपासून तोच होता.

तो किती आधीपासून होता, याची नोंद एका राजाने करून ठेवली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. हत्ती, रत्नं, स्वयंपाक, खेळ, संगीत, राजाला ठाऊक असावं असं सगळं त्यात आहे. संगीताच्या भागात तो सांगतो की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. राजाच्या करमणुकीच्या यादीत उखळ-मुसळाचा आवाज असा एका ओळीपुरता शिरला आणि ओवीला लेखी वय मिळालं. ज्ञानेश्वरीच्या आधीची दीडशे-पावणेदोनशे वर्षं. त्याच्याही आधीच्या बायका काय गात होत्या, ते विचारायला कुणी गेलं नाही.

संतांमध्ये दळणाची बाजू घेतली ती जनाबाईने. गंगाखेडची मुलगी, पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी. दळण-कांडण, शेण-पाणी हे तिचं रोजचं काम, आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो तिला हात लावायला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं म्हणून आजही दाखवतात. वारकरी खुंट्याला हात लावून दोन फेरे फिरवतात आणि देवाने दळलं म्हणून डोळे पुसतात. मला त्यात भक्तीइतकाच हिशेब दिसतो. जातं एकटीने ओढायचं काम नाही. समोर कुणीतरी लागतं. मोलकरणीच्या समोर बसायला घरातलं कुणी तयार नव्हतं, तेव्हा तिने देवाला बसवलं.

समोर कुणीतरी लागतं, यातच ओवी कशी रचली जाते त्याचं मर्म आहे. आमच्याकडे आजी आणि थोरली चुलती समोरासमोर बसत. एक पाय दुमडलेला, एक लांब सोडलेला, खुंट्यावर दोघींचा एकेक हात, आजीच्या मोकळ्या हातात दाण्यांची मूठ. पहिले चार फेरे नुसतेच. मग आजी जात्यालाच देव म्हणून हाक मारायची आणि पहिली ओळ टाकायची. चुलती तीच ओळ उचलून पुन्हा म्हणायची. चुलती म्हणत असताना आजी गप्प असे आणि तेवढ्या फेऱ्यांत दुसरी ओळ जुळवे. कित्येकांना ओवीतली ती पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. मला ती रचणाऱ्या बाईला मिळालेली सवड वाटते. कागद नाही, खोडायची सोय नाही, हात थांबवता येत नाही. जोडीदारणीच्या आवाजाआड विचार करायचा.

त्यात जुन्या बायकांनी मदतीला बरंच ठेवून दिलेलं असे. मुलगा म्हणजे राघू, मुलगी म्हणजे मैना. पहिली ओवी अमक्याला, दुसरी तमक्याला अशी मोजणी. गावांची, नद्यांची, देवांची नावं, यमकात बसतील अशी. हे तयार लाकूड, आणि त्यातून रोजचं नवं काहीतरी उभं करायचं. आजीच्या तोंडून मी एकाच विषयावर दोन पहाटे तीच ओवी ऐकली असं फारसं आठवत नाही. गावात मोटार आली ती ओवीत आली, मास्तर बदलून गेले तेही आले, चुलत्याने मनगटी घड्याळ घेतलं तेही. गाणं पाठ म्हणणारी बाई वेगळी आणि जुळवणारी वेगळी, हा फरक बायकांना नेमका ठाऊक असे. “तिचा नुसता गळा हाय, हिच्या पोटात हाय,” असं आजी म्हणायची.

ठेक्याचं कामही सांगितलं पाहिजे. ओळीच्या चालीने फेऱ्याला लय मिळते, लय मिळाली की दोघी एकाच क्षणी ओढतात, आणि एकाच क्षणी ओढलं की दगड हलका होतो. दोघींपैकी एकीने लय सोडली तर सगळा भार दुसरीच्या खांद्यात उतरतो. जात्याला टाकी लावून बरेच दिवस झाले असले, दगड गुळगुळीत झालेला असला, की ओव्या जास्त म्हणाव्या लागत. कारण तेवढंच पीठ पडायला फेरे जास्त लागत. टाकीवाली बाई ओरडत गल्लीतून गेली की आजी तिला हातातलं काम टाकून बोलवायची.

आता ओवीत बोललं काय जायचं? आमच्या घरच्या ओव्यांत नवरा कमी आणि भाऊ फार. आई तर पानोपानी. देव होते, पंढरी होती, आळंदी होती. विठोबा-रखुमाईचं घरगुती भांडण होतं. सीतेचा वनवास होता आणि अनेक ओव्यांत त्या वनवासामागे कैकेयी उभी असे, सासू म्हणून. रामायणातलं राजकारण बायकांनी स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. सासुरवाशीण सीतेचं नाव घेऊन जे बोलायची, ते कुणाबद्दल आहे हे पलीकडच्या खोलीत जाग्या असलेल्या सासूलाही कळत असे. पण सीतेच्या कैवाराला हरकत कोण घेणार?

एका दिवाळीत थोरल्या चुलतीला माहेरी धाडायचं कुणी नाव काढेना. तिने कुणापाशी तोंड उघडलं नाही. पहाटे मात्र ओव्यांत भावाची वाट यायला लागली: वाटेवरचा ओढा, ओढ्याजवळची बाभळ, न आलेला भाऊ, दारात उभी आई. आजी समोर बसून तिची ओळ उचलत होती, म्हणजे सासूच सुनेच्या तक्रारीला साथ देत होती. आजोबा सोप्यात घोंगडीखाली ऐकत पडलेले. काही पहाटा अशा गेल्यावर आजोबांनी अण्णांना गाडी जुंपायला सांगितली आणि चुलती माहेरी गेली. आजोबांनी तिच्याशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काढला असता तर ओवी ऐकल्याची कबुली झाली असती.

ओवीचा खरा अधिकार हा होता. ती जात्याला सांगितलेली असे, माणसाला नाही. त्यामुळे तिला उलट उत्तर देता येत नसे आणि ऐकलंच नाही असंही म्हणता येत नसे. दिवसा ज्या तोंडाला पदर लावलेला, त्या तोंडाला पहाटे मोठ्याने गायची परवानगी होती, कारण हात कामात होते. काम हीच गाण्याची परवानगी होती. रिकामी बसून गाणारी सून कुठल्या घरात चालली असती?

शहरात जात्याचं आणखी एक रूप होतं. दळणं-कांडणं करून मुलाला वाढवलं, हे वाक्य मराठी चरित्रांत आणि आत्मचरित्रांत पुन्हा पुन्हा येतं. विधवा आई दुसऱ्यांच्या घरचं धान्य दळून मुलाच्या शाळेची फी भरते. या बायकांसाठी जातं ही रोजीरोटी होती आणि शहरातल्या गिरण्यांनी ती काढून घेतली. गिरणीच्या बाजूने बोलताना हे विसरून चालणार नाही. पण त्या बायकांच्या ओव्या गोळा करायला तेव्हा कुणी गेलं नाही, हेही खरं.

गोळा करणारे पुढे आले. साने गुरुजींनी बायांच्या तोंडच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ केलं. कमलाबाई देशपांडे यांनी या गीतांच्या अभ्यासाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असं नाव दिलं. वेदांसाठी राखून ठेवलेलं विशेषण जात्यावरच्या बायकांना लावायचा धीर त्यांनी दाखवला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडामागून खंड काढले. बहुतेक संग्रहांत ओवी असते, विषय असतो. म्हणणारी बाई मात्र नसते. ती ‘लोक’ होऊन गेलेली असते.

बाईचं नाव राहिलं तर काय होतं, ते बहिणाबाईंनी दाखवलं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरात, शेतात, जात्यावर त्या गाणी रचत, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातल्या एकाने ती उतरवून ठेवली. त्या १९५१ मध्ये गेल्या. सोपानदेव स्वतः कवी असूनही त्यांना ती वही दाखवायला संकोच वाटत होता. आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. मराठी वाचकांना धक्का बसला की अक्षरओळख नसलेली बाई असं लिहू शकते. आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय! तिच्या पिढीत प्रत्येक आळीत अशी एखादी होती. लिहून घेणारा मुलगा मात्र प्रत्येकीला नव्हता.

ते लिहून घ्यायचं काम मोठ्या प्रमाणावर झालं ते ऐंशीच्या दशकापासून. मूळचे फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब बायकांबरोबर काम करत होते. सभेत न बोलणाऱ्या बायका ओवीत सगळं सांगतात, हे त्यांना दिसलं. त्यातून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने पुढे ध्वनिमुद्रण झालं आणि आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, जात आहे, किती शेती आहे तेही आहे. त्या नोंदी वाचताना पहिल्यांदा मला वाटलं की कुणीतरी या बायकांना लेखिका मानलं.

त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. पहिली ओवी, दुसरी ओवी अशी जुनी मोजणी तीच, जिथे देव यायचा तिथे भीमराव. आमच्या घरी मी हे कधी ऐकलं नव्हतं, कारण त्या आळीतली जोडी आमच्या जात्यावर कधी बसली नव्हती. गिरणीतही सुरुवातीला त्या बायकांच्या पाट्या वेगळ्या ठेवल्या जात आणि दळण शेवटी पडत असे. ते मोडायला बरीच वर्षं गेली. ओवी ही सगळ्या महाराष्ट्राची, असं बोलायला सोपं आहे. छंद सगळ्यांचा होता. उंबरा वेगवेगळा होता.

आणि आता अण्णांची गिरणी. तिच्याविरुद्ध गावात तक्रार झाली ती पुरुषांची. पीठ गरम निघतं, सत्त्व जळतं, गिरणीची भाकरी अंगी लागत नाही, असं पारावर बोललं जायचं. बोलणाऱ्यांपैकी कुणी खुंट्याला हात लावलेला नव्हता. बायकांनी काही मत दिलं नाही. त्या पाट्या घेऊन आल्या. पहिल्या महिन्यात थोरली चुलती उजाडेपर्यंत झोपू लागली. तिला तशी झोपलेली आम्ही पोरं कौतुकाने पाहायचो.

गिरणीत गाणं शक्यच नव्हतं. इंजिनाचा धडधडाट, पट्ट्याची फडफड, पिठाचा धुरळा. बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे. पण बाहेर, भिंतीच्या सावलीत, नंबर लागेपर्यंत बायका बसत. बाजरीवर ज्वारी टाकू नका, उपासाचं वेगळं ठेवा, एवढं अण्णांना सांगून झालं की वेळच वेळ. चार आळ्यांतल्या सुना पहिल्यांदा एका जागी, काम सांगून घराबाहेर, आणि सासू घरी. तिथे सीतेचं नाव घ्यायची गरज नव्हती. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या दिराने वाटणीत काय केलं, सरळ नावानिशी बोललं जायचं. माझी आई म्हणायची, गावाची खरी ग्रामपंचायत आपल्या ओट्यावर भरते.

मी एकदा आजीला विचारलं, आता ओवी का म्हणत नाहीस? ती हसली. “दळायचं न्हाई, तर ओवी कशाला गं?” तिच्या आवाजात मला दुःख सापडलं नाही, आणि मी नंतर पुष्कळ शोधलं. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण कामाला लागल्यावर युक्ती सुचते अशा अर्थी वापरतो. आजीपुरती ती शब्दशः खरी होती. ओव्या जमवणाऱ्यांनाही हाच अनुभव: नुसतं सांग म्हटलं तर बाईला आठवत नाही, जात्याचा खुंटा हातात दिला की एकामागून एक येतात. गाणं स्मरणात साठवलेलं नव्हतंच. ते हातांच्या फेऱ्यात आणि समोरच्या आवाजात होतं.

आता आमच्याकडे जातं निघतं ते लग्नात. घाणा भरताना जात्याला आंब्याची पानं बांधतात, पाच सवाष्णी हळकुंडं टाकून फेरे देतात, एखादी म्हातारी ओवी धरते आणि बाकीच्या तिच्याकडे बघत ओठ हलवतात. फोटो निघतो. सुरेख आहे, मलाही आवडतं. पण ते गाणं रचणं नाही, जुन्या गाण्याला केलेला नमस्कार आहे. रचायला रोजचा ठरलेला वेळ लागतो, ओळ उचलून धरणारी जोडीदारीण लागते, आणि उघड न बोलता येणारं काहीतरी पोटात असावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी आज कुणी दिल्या तर मी घेईन. तिसरीसाठी कुणाच्या सुनेला पुन्हा जात्यावर बसवायची माझी तयारी नाही.

शाळेत असताना मी मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एक काम द्यायची: घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बाईकडून एक ओवी उतरवून आणा. अट एकच, ओवीखाली तिचं नाव, गाव, ती काय दळायची आणि समोर कोण बसायचं, हे लिहायचं. मुलं वैतागायची, ओवी मिळते पण समोर कोण होतं ते कशाला? मी अट सोडली नाही. नाव लिहिलं की गाणं कुणाचं तरी होतं, आणि गाणं कुणाचं ते कळलं की त्यामागचं दळण किती पायल्यांचं होतं, तेही विचारावं लागतं.